न झालेल्या अपघाताची चौकशी

गॅसच्या टँकरवरचं लाल बटण दाबण्यासाठी असतं, असा ड्रायव्हरचा प्रामाणिक समज होता. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या समजाला कधी धक्का बसला नव्हता, कारण इतक्या वर्षांत त्याने ते बटण कधी दाबलंच नव्हतं.

बटण टँकरच्या मागच्या अंगाला, रबरी पाइपाच्या गुंडाळीशेजारी होतं. खाली पांढऱ्या अक्षरांत 'आपत्कालीन बंद' असं लिहिलेलं. ते दाबलं की टाकीच्या पोटातला व्हॉल्व्ह खट्कन मिटायचा, पंप बसायचा, इंजिन गप्प व्हायचं आणि गॅस होता तिथेच राहायचा. ड्रायव्हर अधूनमधून त्याच्यावरची धूळ फडक्याने पुसायचा. याहून जास्त त्या दोघांचा संबंध आला नव्हता.

एका दुपारी तो एका मोठ्या वसाहतीच्या मागे टँकर लावून उभा होता. वसाहतीची सामायिक टाकी तळाला गेली होती. घरोघरच्या शेगड्यांना आणि गिझरना याच टाकीतून गॅस जायचा, त्यामुळे भरण्याची घाई होती. निम्मं काम झालं नसेल, तोच पाइपाच्या जोडापाशी आधी कुजबुजल्यासारखा आवाज आला आणि मग कुणीतरी दातओठ खात श्वास सोडावा तसा. जोडातून पांढरा ढग बाहेर पडला आणि जमिनीलगत सरकत कुंपणापलीकडे निघाला. तिथे दोन बायका गप्पा मारत चादरी वाळत घालत होत्या.

ड्रायव्हरच्या तोंडचं पाणी पळालं. तो धावला आणि त्याने बटण दाबलं. विचार न करता दाबलं, हा पुढे त्याच्यावरचा पहिला आरोप ठरला.

खट्. सगळं थांबलं. ढग हळूहळू विरला. बायकांनी उरलेल्या चादरी वाळत घातल्या आणि त्या आत गेल्या. ड्रायव्हरला मनातून फार बरं वाटत होतं. घरी जाताना त्याने आइसक्रीम नेलं.

"हे कशाबद्दल?" बायकोने विचारलं.

"काही झालं नाही, त्याबद्दल," तो म्हणाला.

पण काहीतरी झालं होतं. त्याच दुपारी तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त साहेब डोक्यापासून पायापर्यंत साबण लावून उभे असताना बटणासरशी वसाहतीचा गॅसही बंद होऊन नळाचं गरम पाणी एकाएकी गार झालं होतं. साहेबांनी त्याच ओल्या अंगाने कंपनीला फोन लावला. 'अशा पाण्याने माझ्या वयाचा माणूस जागच्या जागी गेला असता,' असं ते म्हणाले. त्या दिवसाबद्दल कंपनीकडे आलेली ही एकमेव तक्रार होती, त्यामुळे ती अतिशय गांभीर्याने घेण्यात आली.

ड्रायव्हरला सुरक्षा अधिकाऱ्यांनी बोलावून घेतलं. अधिकाऱ्यांच्या खोलीत सुरक्षेला पहिला मान होता. कपाटावर त्यांचं स्वतःचं हेल्मेट होतं आणि त्याला ओरखडा पडू नये म्हणून ते खोक्यातून कधी बाहेर काढलेलं नव्हतं.

"या, बसा. अपघात कुठे आहे?"

ड्रायव्हरने मागे वळून पाहिलं. "कुठला, साहेब?"

"तुम्ही आपत्कालीन बटण दाबलंत. त्यासाठी काहीतरी आपत्ती लागते. ती कुठे आहे?"

"झाली नाही, साहेब."

"म्हणजे नसताना दाबलंत."

"दाबलं म्हणून झाली नाही."

"हे तुमचं मत झालं," अधिकारी समजुतीने म्हणाले. "पुरावा काय? काही जळालं? फुटलं? निदान कुणाला खरचटलं?"

"नाही, साहेब."

"बघा. तुमच्या बाजूने काहीच नाही. आणि समोरच्या बाजूला एक ज्येष्ठ नागरिक साबणात उभा आहे."

प्रकरण समितीकडे गेलं. समितीचे अध्यक्ष गोड बोलणारे, शांत गृहस्थ होते. ते टँकरच्या जवळ कधी गेले नव्हते, त्यामुळे त्यांचं मन टँकरबद्दल कुठल्याही बाजूने कलुषित झालेलं नव्हतं. त्यांनी ड्रायव्हरला पाणी दिलं, घरचं सगळं ठीक आहे ना असं विचारलं आणि मग नियम वाचून दाखवला.

"'बटणाचा वापर केवळ आपत्काली करावा.' आणि आपत्काल म्हणजे काय, तेही खाली दिलंय. 'ज्या घटनेत जीवित वा मालमत्तेची हानी झाली आहे, अशी घटना.' झाली आहे. होईल नाही, होऊ शकते नाही. क्रिया पूर्ण झालेली पाहिजे."

"म्हणजे स्फोट झाल्यावर दाबायचं?"

"झाल्यावर. आणि खात्री करून."

"पण साहेब, तेव्हा दाबायला राहणार कोण?"

"त्याचीही तरतूद आहे," अध्यक्ष कौतुकाने म्हणाले. "'घटनेनंतर उपलब्ध असलेल्या ज्येष्ठतम कर्मचाऱ्याने.'"

ड्रायव्हरने समोरचं पाणी संपवलं. त्याला वाद घालता येत नव्हता. घरी तर तो भाजी कुठली करायची यावरही वाद घालत नसे. त्याची ती अवस्था पाहून अध्यक्षांना दया आली. त्यांनी एक मार्ग सुचवला. तो ढग ड्रायव्हरला दिसला नव्हता, तर दिसल्यासारखा वाटला होता, एवढंच त्याने सांगायचं. ऊन होतं, दमणूक होती, भास होतो माणसाला. भास झालेल्या माणसाला समिती समज देऊन सोडू शकत होती. ढग खरंच पाहिलेल्या माणसाला मात्र घरी पाठवावं लागलं असतं.

बायको शिवणाच्या मशीनवर बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि दोरा दाताने तोडला.

"अहो, मग म्हणा ना भास झाला. त्यात काय? मला रोज होतो, तुम्ही माझं ऐकताय असा. मी कधी कुठलं बटण दाबलंय?"

"पण ढग होता गं. चादरींपर्यंत गेला होता."

"होता ना? तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. त्या समितीला कशाला कळायला पाहिजे?"

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने समितीसमोर मान्य केलं की ढग हा भास होता. अध्यक्षांनी उठून त्याच्याशी हात मिळवला. त्याला हलकं वाटलं, नोकरी राहिली म्हणून. पण त्यानंतर चहाच्या किटलीतून वाफ निघाली तरी तो दचकायचा, आणि दचकलेलं कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघायचा.

आता प्रश्न उरला पाइपाचा. तो जोड तसाच होता. ड्रायव्हरने हळूच पाइप बदलून मागितला, तेव्हा सुरक्षा अधिकारी खुर्चीतून अर्धे उठले.

"वेडेबिडे आहात का? पाइप बदलला म्हणजे तो खराब होता, असं होतं. खराब होता म्हणजे गळत होता. गळत होता म्हणजे तुम्ही बटण दाबलंत ते बरोबर. मग समिती काय चूक? अध्यक्ष चूक? तुमच्या भासाचं काय?"

"पण तो पुन्हा गळला तर?"

"समितीचा निर्णय झाल्यावर तो गळूच शकत नाही."

पाइप बदलला नाही. बदल झाला तो बटणात. भास होणारे ड्रायव्हर कंपनीत आणखीही असू शकतात, हे लक्षात घेऊन प्रत्येक टँकरच्या बटणावर जाड पारदर्शक प्लास्टिकची पेटी बसवण्यात आली आणि पेटीला आकड्यांचं कुलूप लावलं. कुलूप उघडणारा आकडा नियंत्रण कक्षाकडे असे आणि तो फोनवरून मिळे. फोनसाठी प्रत्येक ड्रायव्हरला नवा मोबाइल देण्यात आला.

यात एक बारीकशी अडचण निघाली. टँकरच्या आसपास मोबाइल वापरायला सक्त मनाई होती, कारण एखाद्या ठिणगीनेसुद्धा भडका उडू शकतो. त्यामुळे फोन करायला जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यापलीकडे जाणं भाग होतं. पण भरणा चालू असताना ड्रायव्हरने टँकरकडे पाठ फिरवू नये, असाही नियम होता. दोन्ही नियम सुरक्षेचे. कुठलाच मोडता येत नव्हता. समितीने यावर विचार केला आणि दोन्हींना न्याय देणारा मार्ग काढला. आपत्काली ड्रायव्हरने टँकरवर नजर ठेवून उलट पावली पिवळ्या पट्ट्यापलीकडे जावं, आकडा घ्यावा आणि परत यावं.

डेपोत रोज सकाळी उलट चालण्याचं प्रशिक्षण सुरू झालं. प्रशिक्षक म्हणून नाच शिकवणारे एक मास्तर नेमले होते. "मान वर! नजर टँकरवर! टाच आधी!" असं ते ओरडायचे आणि सगळे ड्रायव्हर कानाला फोन लावून खेकड्यांच्या जत्थ्यासारखे मागे मागे जायचे. एक जाडजूड ड्रायव्हर असाच जाता जाता गटारात पडला आणि त्याचा हात मोडला. जीविताची थोडीफार हानी झाल्यामुळे तो नियमात बसणारा पहिला आपत्काल ठरला. सुरक्षा अधिकारी स्वतः आले, त्यांनी रीतसर आकडा मागवला, पेटी उघडली आणि तिथे उभ्या असलेल्या एका रिकाम्या टँकरचं बटण दाबलं. त्याचे फोटो काढण्यात आले. हात मोडलेला माणूस फोटोत गटाराच्या बाजूला आहे.

गंमत म्हणजे आपल्या ड्रायव्हरला हे उलट चालणं फार छान जमलं. पुढे जायला तो जेवढा कचरत असे, तेवढा मागे जायला नाही. मास्तर सगळ्यांना त्याच्याकडे बघायला सांगायचे. घरी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत तो सरावासाठी उलटा जायचा आणि बायको शिवण थांबवून पाय आवरून घ्यायची. शाळेत त्याचं कशातच नाव झालं नव्हतं. इथे झालं. त्याला मनातून ते आवडायला लागलं आणि आवडतंय याची थोडी लाजही वाटायची.

म्हणून नव्या पद्धतीच्या उद्घाटनाला प्रात्यक्षिकासाठी त्याचीच निवड झाली. कंपनीने याला 'शांत बटण अभियान' असं नाव दिलं होतं. कार्यक्रम त्याच वसाहतीच्या मागे, त्याच टाकीपाशी, कारण जिथे विश्वासाला तडा गेला तिथेच तो पुन्हा जोडायचा होता. मांडव घातला होता, खुर्च्या मांडल्या होत्या. प्रमुख पाहुणे म्हणून तेच निवृत्त साहेब होते. ड्रायव्हर लोक आपसात त्यांना साबणसाहेब म्हणत. पाहुण्यांना चहा गरम मिळावा म्हणून चहावाल्या बाईंची शेगडी मुद्दाम जवळ, कुंपणाला लागून मांडली होती.

साबणसाहेबांनी गार पाण्याचा प्रसंग सांगितला. सांगताना त्यांचा आवाज भरून आला. मग अध्यक्ष बोलले. त्यांचं भाषण चालू असतानाच ड्रायव्हरने पंप सुरू केला, म्हणजे प्रात्यक्षिकाच्या वेळी गॅस खरोखर वाहत असावा.

जोडापाशी कुजबुज झाली.

ड्रायव्हर जागच्या जागी थिजला. त्याने डोळे मिटले आणि उघडले. ढग तिथेच होता, मागच्यापेक्षा मोठा, आणि जमिनीला चिकटून खुर्च्यांच्या आणि शेगडीच्या दिशेने निघाला होता. त्याने सुरक्षा अधिकाऱ्यांकडे पाहिलं. अधिकाऱ्यांना वाटलं, प्रात्यक्षिक सुरू झालं. त्यांनी अंगठा वर केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"बाई, शेगडी बंद करा!" तो ओरडला.

चहावाल्या बाईंनी एकदा ढगाकडे पाहिलं, शेगडी बंद केली आणि पातेलं तिथेच टाकून चालू पडल्या. त्यांना अभियानाची काहीच माहिती नव्हती.

ड्रायव्हर नियमाप्रमाणे निघाला. मान वर, नजर टँकरवर, टाच आधी. इतकं सुंदर तो कधी चालला नव्हता. "वा!" मास्तर म्हणाले. पिवळ्या पट्ट्यापलीकडे जाऊन त्याने फोन लावला.

"आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," फोनमधून गोड आवाज आला. "गळतीसाठी एक दाबा. गळतीचा भास होत असल्यास दोन दाबा."

त्याने एक दाबलं. बऱ्याच संगीतानंतर एक माणूस बोलला.

"बोला. अपघात झाला आहे का?"

"अजून नाही. पण गॅस—"

"मग झाला की फोन करा," माणूस म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

ढग पहिल्या रांगेच्या बुटांपर्यंत पोचला होता. कुणीतरी नाकाला रुमाल लावला आणि शेजाऱ्याकडे संशयाने पाहिलं. साबणसाहेबांनी खिशातून लायटर काढला होता. तोंडात सिगारेट होती आणि ते शेजारच्याशी बोलण्यात रंगले होते.

ड्रायव्हरने फोन जमिनीवर ठेवला आणि तो धावला. पुढच्या दिशेने. ते पाहून मास्तरांनी कपाळावर हात मारला. टँकरवर एक पितळी हातोडा असतो, त्याने ठिणगी पडत नाही. तो घेऊन ड्रायव्हरने पेटीवर घाव घातला, मग आणखी एक, मग बरेच. इतक्या दिवसांत कुणाला उलट उत्तर न दिलेल्या माणसाने ती पेटी फोडली आणि आत मूठ घालून बटण दाबलं. त्याच पावली जाऊन त्याने प्रमुख पाहुण्यांच्या तोंडातली सिगारेट आणि हातातला लायटर काढून घेतला.

खट् झालं, पंप थांबला, ढग विरायला लागला. ड्रायव्हरचं मनगट प्लास्टिकने कापलं होतं. पाहुणे संतापाने लाल झाले होते. आणि पुन्हा एकदा काहीही झालेलं नव्हतं.

या वेळी समितीला फार वेळ लागला नाही.

"शेगडी बंद होती," अध्यक्ष म्हणाले. "जाळ नसेल तर गॅस म्हणजे नुसता वास. धोका कुठे होता?"

"साहेब, शेगडी मीच बंद करायला सांगितली."

"म्हणजे पुरावाही तुम्हीच नष्ट केलात."

ड्रायव्हरने मनगटावरच्या पट्टीकडे पाहिलं आणि त्याला एकदम सुचलं. "साहेब, पेटी फुटली. कंपनीची मालमत्ता आहे ती. म्हणजे हानी झाली आहे. क्रिया पूर्ण झाली आहे. मग बटण दाबलं ते नियमात बसतं."

सुरक्षा अधिकाऱ्यांनी घाबरून अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी नियम पुन्हा वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगदी बरोबर. आपत्काल झाला. आणि तो तुमच्यामुळे झाला."

मग ते नेहमीच्या मायेने पुढे वाकले. "अजूनही म्हणा, भास झाला. मी सांभाळून घेतो."

ड्रायव्हरला बायकोची आठवण झाली, शिवणाच्या मशीनची, आणि सकाळी डब्यात तिने काय दिलं होतं त्याचीही. त्याला वाटलं होतं, आपण हो म्हणू. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"ढग होता," तो म्हणाला. "मागच्या वेळीही होता. मी खोटं बोललो होतो."

त्याची नोकरी गेली. वर्षअखेरीच्या अहवालात कंपनीने अभिमानाने नमूद केलं की वर्षभरात, गटारातली सोडली तर, एकच आपत्ती आली आणि तिला तत्काळ सेवेतून कमी करण्यात आलं. घरी बायकोने त्याची पट्टी बदलली. मग म्हणाली, "आता उलटं चालू नका घरात, तेवढं करा."

थोड्या दिवसांनी घरच्यांच्या ग्रुपवर तिच्या भावाने एक व्हिडिओ टाकला. वसाहतीतल्या कुणीतरी गच्चीवरून उद्घाटनाचा कार्यक्रम टिपला होता आणि त्याला गमतीचं संगीत लावलं होतं. एक माणूस ऐटीत उलटा चालत येतो, थांबतो, कानाला फोन लावतो, मग वेड लागल्यासारखा धावत जाऊन हातोड्याने पेटी फोडतो आणि एका म्हाताऱ्याची सिगारेट हिसकावून घेतो. खाली मेहुण्याने लिहिलं होतं, 'हा नग बघा!!' त्याने ओळखलं नव्हतं, कारण व्हिडिओत बराच वेळ फक्त पाठ दिसत होती. बायकोने पाठ लगेच ओळखली.

ड्रायव्हरने तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. पडद्याच्या खालच्या भागात सगळं स्वच्छ दिसत होतं. जोडातून निघणारा ढग, त्याचं सरकणं, पहिल्या रांगेतले बूट, शेजारी लायटर, आणि बटण दाबल्यावर तिथेच थबकलेला तो पांढरेपणा. त्याने ग्रुपवर लिहिलं, 'तो मी आहे. खाली बघा, ढग दिसतोय.'

मेहुण्याचं उत्तर लगेच आलं. 'भाऊजी, तुम्ही??? काय चालताय उलटे, एक नंबर!' त्याखाली आतेभाऊ, मावशी, चुलतसासरे, सगळ्यांनी हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे टाकले. मग कुणीतरी एका मांजरीचा व्हिडिओ टाकला आणि विषय संपला.

ड्रायव्हरने धीर करून तो व्हिडिओ अध्यक्षांनाही पाठवला. 'बऱ्याच जणांनी पाठवलाय,' असं अध्यक्षांनी कळवलं. 'आम्ही घरी सगळ्यांनी पाहिला. मुलं फार हसली.'

तुम्हालाही तो आला असेलच. निदान अर्धा तरी पाहिला असेल. पुढे चार जणांना पाठवतानाही तुम्ही खाली काय लिहायचं याचा विचार केला असेल. तळाशी ते पांढरं काय सरकत होतं, हे मात्र तुमच्या लक्षात राहिलं नसेल. तुमची नजर त्या उलट चालणाऱ्या माणसावर होती.